आधी काय मिळणार नाही ते ऐका

आमच्या भागात विमा एजंट येताना दिसला की माणसं वाट बदलायची. गावातला एक जण तर उसात शिरला होता आणि एजंट जाईपर्यंत पाचटावर उकिडवा बसून राहिला होता. मामांचं उलटं होतं. समोरचा माणूस पॉलिसी घ्यायला उतावीळ दिसला की मामाच सावध व्हायचे.

"एवढी घाई कशापायी?" चष्म्याच्या वरून बघत ते विचारायचे. "काय दुखतंय का?"

ते नेमके कोणाचे मामा, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. शिरूरपासून दौंडपर्यंतच्या पट्ट्यात त्यांना सगळे मामाच म्हणायचे. राहायला न्हावऱ्याला. आयुष्याचा विमा एका कंपनीचा आणि घर, गाडी, जनावरं यांचा दुसऱ्या कंपनीचा. मामांकडे दोन्हींची एजन्सी होती. उंच, वाळलेले, अंगात पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं आणि त्यांच्या मधे वायरमनकडे असतो तसा एक टेस्टर. कोणाच्याही घरात गेले की पाण्याचा तांब्या यायच्या आत ते भिंतीवरच्या बोर्डात टेस्टर घालून बघायचे. मग मान वर करून पत्रा, वासे, पंखा. मग स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून शेगडीची नळी. एवढं सगळं झालं की घरातल्या माणसांकडे वळायचे आणि म्हणायचे, "काय, बरं हाय ना?"

त्या काळात आमच्याकडं हेल्मेट फक्त पोलिसांच्या फोटोत दिसायचं. मामा लुनावरून हेल्मेट घालून फिरायचे. ते एक वेळ चाललं असतं, पण लुना बंद पडली की ते एसटीनं यायचे आणि एसटीतही हेल्मेट काढायचे नाहीत, कोणाच्या घरात बसले तरी नाहीत. कंडक्टरसुद्धा तिकीट देताना जरा अदबीनं द्यायचा.

"मामा, लोक हसतात," मी एकदा म्हणालो.

"हसू द्या. हसून कुणाचं डोकं फुटत न्हाई."

चहाच्या हॉटेलात ते पंख्याखालची खुर्ची घ्यायचे नाहीत. लग्नाच्या मांडवात बाहेर पडायच्या वाटेजवळ उभे राहायचे आणि अक्षता तिथूनच फेकायचे. त्या नवरानवरीपर्यंत कधी पोचल्या नाहीत, पुढच्या दोन रांगांतल्या टोप्यांवर पडायच्या. एवढं असून माणूस भित्रा नव्हता. बैल उधळला तर वेसण धरायला पुढं जाणाऱ्यांत मामा असायचे. "व्हईल असं मी म्हणत न्हाई," ते म्हणायचे. "झालं तर काय, एवढंच इचारतो."

विमा विकायची त्यांची रीत तर जगावेगळी होती. बाकीचे एजंट पंचवीस वर्षांनी मिळणाऱ्या रकमेचा आकडा मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवायचे. मामा पॉलिसी उलटी करायचे, मागचं बारीक अक्षरातलं पान काढायचे, घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "आधी काय मिळणार न्हाई ते ऐका." मग सावकाश, एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायचे. दारू पिऊन गाडी चालवली तर न्हाई. लायसन नसंल तर न्हाई. घर महिन्याच्या वर बंद राहिलं आन् चोरी झाली तर न्हाई. घरातल्याच माणसानं चोरी केली तर न्हाई. हे वाक्य आलं की ऐकणारे घरातल्या एखाद्या माणसाकडे हळूच बघायचे. अर्धे लोक पान संपायच्या आत उठून जायचे. शिरूरच्या ऑफिसातले त्यांचे साहेब कपाळाला हात लावायचे. "मामा, विमा उतरवायचा असतो, गिऱ्हाईक नाही," असं ते म्हणायचे. मामा मान डोलवायचे आणि पुढच्या घरी जाऊन पुन्हा मागचं पान काढायचे.

माझी त्यांची ओळख झाली ती त्यांनी मला नकार दिला म्हणून.

मी तेव्हा इनामगावाजवळच्या एका शाळेत प्राथमिक शिक्षक होतो, नुकताच कायम झालेला. शाळेतल्या प्रत्येकाच्या पगारातून कुठल्या ना कुठल्या पॉलिसीचा हप्ता जायचा. आपलाही गेला पाहिजे असं मला वाटायला लागलं. शिवाय लग्नाची बोलणी चालू होती. 'मुलाची पॉलिसी आहे' हे सांगायला बरं दिसतं. मी मामांना शाळेत बोलावलं. मधल्या सुट्टीत ते आले, वर्गाच्या कौलांकडं बघून झालं, आणि त्यांनी विचारलं, "गुरुजी, तुमच्या जिवावर कोण हाय?"

"म्हणजे?"

"तुम्ही गेला तर कुणाची चूल बंद पडंल?"

मी विचार केला. वडिलांची, म्हणजे आबांची, बागायती होती. आई धडधाकट होती. बहिणीचं लग्न झालेलं.

"तशी कोणाची नाही," मी म्हणालो.

"मग तुमच्या मरणानं नुकसान कुणाचंच न्हाई," मामांनी निकाल दिला. "रडतील. पण रडण्याला विमा न्हाई."

मला त्यांचा असा राग आला की काही विचारू नका. वर्गातली चौथीची पोरं खिडकीतून ऐकत होती. मामा मात्र शांतपणे दुसरा कागद काढत होते. "तुम्ही रोज गाडीवर जाता-येता. मेला न्हाई आन् हात मोडला, तर फळ्यावर लिहायचं कशानं? ते बघू." आणि त्यांनी मला अपघाताचा विमा दिला. त्याचा वर्षाचा हप्ता इतका किरकोळ होता की त्यातून मामांना सुटलं असेल ते एका मिसळीपुरतं.

दोन वर्षांनी माझं लग्न झालं. मामा आले, वाटेजवळच्या त्यांच्या जागी उभे राहिले. सगळे भेटून आहेर देऊन गेल्यावर स्टेजवर चढले, माझा हात हातात घेतला, आणि कानाशी वाकून म्हणाले, "गुरुजी, आता तुम्ही मरून चालायचं न्हाई. सोमवारी येतो फॉर्म घेऊन." बायकोनं विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं, आशीर्वाद दिला.

सोमवारी ते खरंच आले. तेव्हा त्यांनी माझ्या बायकोलाही विचारलं, "ताई, तुम्ही गेला तर ह्यांचं काय अडंल?" तिला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ती शिवणकाम करायची. तिनं पदर खोचला आणि सकाळी पाचपासूनची कामं सांगायला सुरुवात केली. मामा लिहून घेत होते. पान भरलं तेव्हा ते माझ्याकडे वळून म्हणाले, "विमा ह्यांचा जास्त पाहिजे. तुमच्या जागी बदली शिक्षक मिळतो." ऑफिसनं तिचा फॉर्म दोनदा परत पाठवला, बाईचं उत्पन्न काय म्हणून. मामांनी तिनं शिवलेल्या ब्लाउजांच्या वहीची नक्कल जोडून तिसऱ्यांदा पाठवला आणि मंजूर करून घेतला.

त्यांच्या या आधी 'न्हाई' सांगण्यामागं काय आहे, हे मला एकदाच कळलं. लुना बंद होती, मी त्यांना गाडीवर मागं बसवून शिरूरला नेत होतो. वाटेत एक ट्रॅक्टर समोरून गेला आणि मामा आपण होऊन बोलायला लागले. राहू गावचा एक दोस्त होता त्यांचा. एजन्सीच्या पहिल्याच वर्षी मामांनी त्याच्या ट्रॅक्टरचा आणि त्याचा विमा केला होता. "त्याचं लायसन संपलेलं. मला म्हाईत होतं. तसं चालत न्हाई, हेबी म्हाईत होतं. बोललो न्हाई. म्हटलं, सांगितलं तर घेयाचा न्हाई." कालव्याच्या चारीत ट्रॅक्टर उलटला आणि दोस्त गेला. कंपनीनं पैसे दिले नाहीत. "त्याची मंडळी मला भांडली न्हाई गुरुजी. नुसतं म्हणली, भाऊजी, हे आधी सांगायचं होतं."

एवढंच. शिरूरच्या स्टँडवर उतरले आणि हेल्मेटसकट सरळ ऑफिसकडं चालू लागले.

आता म्हशीचं सांगतो.

लग्नानंतर आमच्या घरात सामान वाढलं होतं. रंगीत टीव्ही, आरशाचं कपाट, बायकोचं शिलाई मशिन. मामा म्हणाले, घराचा विमा करून घ्या. घराचा धरायचा की सामानाचा, हे आबांना कळेना. मामांनी समजावलं, "आबा, समजा गाव सोडून निघालात. टेम्पोत जे भराल ते सामान. मागं ऱ्हाईल ते घर. तुमच्या भिंती दगडाच्या हायेत, त्यांना काय व्हत न्हाई. टेम्पोतल्याचं बघू." आईला तिची पितळेची मोठी पातेली यादीत घालायची होती. मामांनी एक उचलून बघितलं. "आक्का, ह्याला आग लागत न्हाई आन् चोराच्यानं हे उचलत न्हाई. कशाला पैसे घालता? शिलाई मशिन लिहा. ते गेलं तर कमाई जाती." दागिन्यांची गोष्ट निघाली तेव्हा आई एकदम बहिरी झाली. "नका सांगू," मामा म्हणाले. "पण मग गेले तरी मला सांगू नका."

नंतर मागचं पान. आग, वीज, चोरी, दंगल. "जनावराच्या धडकेनं मोडतोड झाली तर मिळंल. मात्र जनावर घरचं असलं तर न्हाई." आई हसली. जनावर घरात कशाला येतंय?

आलं. पुढच्याच उन्हाळ्यात, भर दुपारी.

रस्त्यानं एक वरात चालली होती. बँडवाल्यानं आमच्या गोठ्यासमोर मोठा ढोल असा बडवला की म्हशीनं दावं तोडलं आणि समोर उघडं दार दिसलं त्यात शिरली. आत आरशाचं कपाट. आरशात दुसरी म्हैस. आमची म्हैस स्वभावानं भांडकुदळ; तिनं एक टक्कर दिली. आरसा फुटला, कपाट टीव्हीवर पडलं, टीव्ही शिलाई मशिनवर. मग तीच घाबरून उलटी फिरली आणि जाता जाता दाराची चौकट घेऊन गेली. टीव्ही माझ्या पगारातून घेतलेला. मी पडलेल्या काचेकडे बघत उभा राहिलो आणि पहिला विचार आला तो मामांचा.

मामा आले. आधी म्हशीला बघून आले, कुठं लागलं नाही ना याची खात्री केली. मग ओसरीवर बसून त्यांनी विचारलं, "म्हस कुणाची?"

आबा आईकडं बघायला लागले. कारण तिथंच तर घोळ होता. म्हैस बँकेच्या कर्जावर घेतलेली. आबांच्या नावावर आधीचं पंपाचं कर्ज होतं म्हणून कागद धाकट्या भावाच्या, तात्यांच्या नावावर केला. तात्या शेजारीच राहायचे. चुली वेगळ्या झालेल्या, गोठा एकच. हप्ते आबांनी फेडले, वैरण आबांची, धार आई काढायची. म्हशीच्या कानात मात्र कर्जाच्या वेळचा विम्याचा बिल्ला होता आणि त्या नंबरापुढं नाव तात्यांचं. तात्यांचं आणि आईचं वाजलं की तात्या भिंतीपलीकडून ओरडायचे, "कागदावर म्हस माझी हाय, ध्यानात ठेवा!"

आजही ते भिंतीपलीकडूनच बोलले. "माझी हाय की! लिहा मामा, बिनधास्त लिहा."

मला वाटलं, सुटलो. मी मामांना बाजूला घेतलं. "म्हैस तात्यांची लिहिली की झालं ना? कागदही तसाच आहे."

मामांनी पॉलिसी पिशवीत घातली. "सर्व्हेअर यील त्याच्यासमोर लिहू," एवढंच बोलले. मला माहीत होतं, मामांनाही हा क्लेम व्हायला हवा होता. आमच्या गावात घराचा विमा घेणारे आम्ही पहिले. पैसे मिळाले असते तर वीस घरं त्यांच्या मागं लागली असती.

चौथ्या दिवशी पुण्याहून सर्व्हेअर साहेब आले. नाकाला रुमाल. अर्धी आळी ओसरीसमोर जमली. त्यांनी काचा मोजल्या, फोटो काढले आणि म्हशीचा बिल्ला बघायला गोठ्यात गेले. "मालक कोण? धरा तिला."

तात्या मोठ्या रुबाबात पुढं झाले. म्हशीनं एकदा फुरफुर केलं आणि शिंग फिरवलं. तात्या गव्हाणीवर चढले. पुन्हा उतरायला बघितलं, पुन्हा शिंग. शेवटी आई आली, "ये गं बाय" म्हणाली, आणि म्हशीचा कान धरून साहेबांच्या पुढं केला. लोक हसले. साहेबांना त्याचं काही नव्हतं. नंबर जुळला, नाव तात्यांचं. "माझं काम कागदावर चालतं," ते म्हणाले आणि त्यांनी एक जबाब लिहून आबांपुढं ठेवला. "करा सही."

आबांनी पेन घेतलं. तेवढ्यात मामा पुढं झाले. "सही करण्याआधी मी वाचून दाखवतो. माझी सवय हाय." आणि त्यांनी बोट ठेवून, सावकाश वाचलं, "सदर म्हैस माझ्या अथवा माझ्या घरात राहणाऱ्या कोणाही व्यक्तीच्या मालकीची नाही."

आईनं म्हशीचा कान सोडला नव्हता. "काय? परत वाचा."

मामांनी परत वाचलं.

"म्हंजी हिच्यावर आमचा हक्क न्हाई?"

"न्हाई, आक्का."

"आन् दूध?"

"ज्याची म्हस त्याचं दूध."

आई आबांना म्हणाली, "पेन ठेवा खाली." मग साहेबांकडं वळली. "सायेब, ही आमची हाय. टीव्ही गेला तर गेला. टीव्ही काय सकाळ-संध्याकाळ चार लिटर देतोय व्हय?"

"पण कागद माझा हाय!" तात्या गव्हाणीवरून ओरडले. "मी देतो सही! म्हस माझी!"

मामा त्यांच्याजवळ गेले. आवाज अगदी थंड. "तात्या, द्या की. मग पुढचंबी ऐका. कंपनी आबाला पैशे दील. आन् ज्याच्या म्हशीनं नुकसान केलं त्याच्याकडनं ते वसूल करायला यील. टीव्ही, कपाट, मशिन, चौकट. म्हस तुमची ना?"

तात्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी रुमालामागून मान हलवली. तसा अधिकार कंपनीला असतो.

"माझी कशी?" तात्या म्हणाले. "मी आपलं बँकेत नाव दिलं होतं. सगळ्या गावाला म्हाईत हाय, म्हस दादाची."

"असं लिहून द्याल?"

"आत्ता देतो!"

आणि गव्हाणीवर बसूनच तात्यांनी साक्षीदार म्हणून सही केली.

मी मामांवर भयंकर चिडलो. माझाच एजंट, आणि त्यानंच माझा क्लेम बुडवला. त्यांनी ते वाक्य वाचलं नसतं तर आबांनी सही केली असती आणि महिन्याभरात नवा टीव्ही आला असता. बायको म्हणाली, "आणि दूध तात्यांकडून विकत घेतलं असतं." मी तिच्याशीही दोन दिवस बोललो नाही. मामांशी तर दोन महिने. न्हावऱ्याच्या चौकात हेल्मेट दिसलं की मी गाडी दुसरीकडून काढायचो. गावातल्या त्या वीस घरांपैकी एकानंही विमा घेतला नाही.

मग एका रविवारी लुनाचा आवाज आला. मामा ओसरीवर आले, बोर्डात टेस्टर घालून बघितलं, नवी चौकट हलवून बघितली, आणि पिशवीतून कंपनीचं पत्र काढलं. मी पेपर तोंडापुढं धरून बसलो होतो.

"आबा, आक्का, ऐका," म्हणाले आणि वाचायला लागले. पत्र चार ओळींचं. सदर म्हैस ही विमाधारकाच्या कुटुंबाच्या मालकीची असल्याचे त्यांच्या बंधूंच्या लेखी साक्षीवरून सिद्ध झाले आहे. सबब दावा नामंजूर.

आबांनी सुस्कारा सोडला. "गेलं म्हंजी."

"काय गेलं?" मामा म्हणाले. त्यांनी पत्र आबांच्या हातात दिलं आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हा गोल शिक्का. ही सायबाची सही. ही तुमच्या भावाच्या साक्षीची नक्कल, मागून घेतली मी. कर्ज फिटलंय. उद्या हे घेऊन बँकेत जावा आन् म्हस नावावर करून घ्या. बिल्ल्यापुढचं नाव मी बदलतो. एवढी वर्सं जो कागद तुमच्याकडं नव्हता, त्यो कंपनीनं फुकाट दिलाय."

आबा पत्राकडं बघतच राहिले. भिंतीपलीकडून तात्यांनी विचारलं, "काय झालं ओ मामा, क्लेमचं?"

"नामंजूर!" मामांनी ओरडून सांगितलं. "म्हस ह्यांची निघाली!"

पलीकडं बादली आपटल्याचा आवाज आला.

आई आत गेली होती. ती चहा घेऊन आली, मामांसाठी काठोकाठ भरलेला, साय तरंगणारा. कप त्यांच्यापुढं ठेवून म्हणाली, "घ्या मामा. गोल शिक्क्याच्या म्हशीचा हाय."

मला हसू फुटलं. पेपर हलायला लागला तसा मी तो खाली ठेवला. मामांनी हेल्मेट काढून मांडीवर घेतलं. त्यांना कोणाच्या घरात हेल्मेट काढताना मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. सगळं टक्कल घामानं भिजलं होतं. कपातला चहा बशीत ओतून, त्यांनी बशी आधी माझ्यापुढं धरली.